टिकेल अशी डबी

आटपाट घणसोली होती. चारी बाजूंनी टॉवर उठले, मधी गाव राहिलं, भिंतीला भिंत चिकटवून. त्या गावात एक म्हातारी होती, ती मी. मला दोन लेक. मोठा संदीप, त्याची बायको वनिता, त्यांची मुलगी प्राजू. धाकटा किशोर. गल्लीच्या तोंडाला संदीपचं दुकान आहे. लग्नाचं शूटिंग घेतो आणि कॉम्प्युटरचं सामान विकतो. किशोर त्याच्यासोबत कॅमेरा धरायचा. सहा वर्षांपूर्वी तो मालाच्या बोटीवर नोकरीला गेला. चार महिने फोन आले, मग बंद झाले. ज्या एजंटनं पाठवला त्याच्या ऑफिसला कुलूप. पोरगा आहे की नाही, एवढं एक कुणी सांगेना. आमच्या घराचा घास तिथं अडकलेला.

मला अक्षर येत नाही. मी सांगते, प्राजू लिहिते, आणि लिहिताना माझं बोलणं सरळ करते. करू दे.

दुपारचं मी दुकानात स्टुलावर बसते. माणसं हार्ड डिस्क घ्यायला येतात. ती बाहेरून लावायची, खिशात मावणारी. मी तिला डबी म्हणते. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "टिकेल ना?" आणि कशासाठी टिकायला हवी ते सांगितल्याशिवाय कुणी जात नाही. भेंडी घेताना माणूस आपलं दुःख सांगत नाही, डबी घेताना सांगतो. त्यामुळं माझ्याकडं किस्से एवढे साठलेत की त्यांनाच आता एक डबी लागेल.

एक गोष्ट आधी सांगते. नवी डबी विकताना संदीप गिऱ्हाइकासमोर सील फोडतो, एक फाईल आत टाकतो, वाजवून दाखवतो आणि पुसतो. फाईल कायम तीच. कुणाच्या तरी हळदीची, अर्ध्या मिनिटाची. सगळे पाटासारखे ताठ बसलेत आणि कॅमेऱ्यामागून किशोर म्हणतो, "जरा हसा की. लगीन हाय, मयत नाय." कॅमेरा धरणारा तो. एवढ्या लग्नांत तो कुठंच दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

*

नेरूळच्या एक बाई आल्या, शाळेत शिकवणाऱ्या. सासरे वारले होते. तेराव्याला टीव्हीवर त्यांचे जुने फोटो दाखवायचे होते.

"पडली तर?" बाईंनी विचारलं.

संदीपनं दोन डब्या पुढं ठेवल्या. "हिच्या पोटात चकती फिरते. चालू असताना पडली तर चकतीला ओरखडा जातो. ही दुसरी, हिच्या पोटात काहीच हलत नाही. म्हणून ही जास्त टिकते."

मी म्हटलं, "माणसाचं उलटं असतं."

बाई हसल्या नाहीत. न हलणारी घेऊन गेल्या.

तेरावं झाल्यावर परत आल्या. "दादा, तुम्ही ती फाईल पुसलीच नव्हती."

संदीपचा चेहरा पडला. घरभर पाहुणे बसलेत, भिंतीवर हार घातलेला फोटो, बाईंनी डबी लावली आणि पहिलंच काय, तर "लगीन हाय, मयत नाय." मी पदर तोंडाला लावला. "मग काय झालं ओ?"

"सासूबाई तेरा दिवस एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या हसल्या. म्हणाल्या, हे अस्संच बोलायचे, आवाज त्यांचाच आहे. आम्ही सगळे सांगतोय, नाहीये. त्या ऐकत नाहीत. रोज सकाळी लावायला सांगतात."

"द्या इकडं, पुसून देतो," संदीप म्हणाला.

"पुसून? मला घराबाहेर काढतील त्या."

बाई हसत गेल्या. मला हसू येईना. गेलेल्या माणसाचा आवाज आणि माझ्या किशोरचा आवाज एकच, असं त्यांची सासू शपथेवर सांगत होती. त्या दिवशी मी दुकानातून लवकर उठले.

*

खाडीवरचे हिराजी तात्या. जन्म पाण्यात गेला.

"पान्यात पडली तर?" त्यांनी विचारलं.

संदीपनं रबरी कोटवाली काढली. "हिला बूच हाय तात्या. बूच घट्ट लावलं की पानी आत जात नाय, असं कंपनी सांगते."

"कंपनी कदी खाडीत उतरलीय?"

तात्यांनी डबी घेतली. आईचे होते नव्हते तेवढे फोटो त्यात भरले. मग कंपनी खरी बोलते का ते बघायला डबीला दोरी बांधली आणि होडीतून खाडीत सोडली. दोरी वर ओढली तर नुसती दोरी.

संदीप डोक्याला हात लावून बसला. "तात्या, बघायची व्हती तर मोकली टाकायची ना."

"मोकली टाकली तर तिला काय पडलीय परत येवाची?"

दोन महिन्यांनी तात्यांचा भाऊ बळीराम दुकानात आला. दोघा भावांत बोलणं नाही, एकमेकांच्या घरच्या मयतीलाही जात नाहीत. त्यानं चिखलात माखलेली डबी काउंटरवर ठेवली. "माझ्या जाल्यात घावली. कुनाची हाय बघ."

संदीपनं पुसली, वाळवली, लावली. चालली. पडद्यावर त्यांची आई, पाटीत कोळंबी घेऊन बसलेली. बळीराम उभा होता तो खाली बसला. संदीपनं तात्यांना फोन केला.

तात्या आले. "माझी हाय ती."

"डबी तुजी," बळीराम म्हणाला. "आयस दोगांची."

मग चहा मागवला. पितापिता मी बळीरामला विचारलं, जाळं कुठं लावलं होतं.

"लावलं कुठं, काकी? चार दिस बांधावर सुकत घातलेलं. पान्यात गेलंच नव्हतं."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

*

स्टेशनकडच्या सेक्टरात राहणारा अमेय म्हणून एक मुलगा आहे, कॉम्प्युटरवर नोकरी करतो. त्याला सगळं कळतं, म्हणून त्यानं वाशीला हातगाडीवरून वापरलेली डबी घेतली. आमच्याकडं आला फक्त तपासायला.

"वापरलेली डबी आणि वापरलेला टूथब्रश घेऊ नये," संदीप म्हणाला आणि लावली.

आत कुणाचे तरी घरातले फोटो. एक म्हातारी बाई खिडकीशी खुर्चीवर बसलेली. चाळीस-पन्नास फोटोंत तीच बाई, तीच खिडकी. अमेय वाकून बघायला लागला. म्हणाला, "हे आमचं घर आहे."

खिडकीची जाळी तीच, फरशी तीच, फरशीला गेलेला तडाही तोच. दोन वर्षांपूर्वी त्यानं फ्लॅट घेतला, त्याआधी जे कोण राहत होते त्यांची डबी असणार. फिरतफिरत त्याच घरच्या माणसाच्या हातात आली. अमेयला कसंतरी झालं. "दादा, सगळं पुसा. घरी दाखवणार नाही मी कुणाला." संदीपनं त्याच्यासमोर पुसलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत अमेय दारात उभा.

"दादा, ते परत आणता येतं का?"

"का रे? नको म्हणालेलास ना?"

त्याची आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिची खाट त्या खिडकीशीच. फोटो तिनं बघितलेले नाहीत, त्यानं तिला काही सांगितलेलं नाही.

"आई कालपासून विचारते," तो म्हणाला. "इथं बसायच्या त्या बाई कुठं गेल्या?"

संदीपनं दोन दिवस खटपट केली. एकच फोटो परत आला. तेवढा पुरला म्हणे.

*

वाशीचे एक साहेब होते, रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट. त्यांना मजबूत डबी हवी होती पण कुलूप नसलेली. "कुलूपवाली नको," दोनतीनदा म्हणाले.

मी विचारलं, कुलपानं काय केलं तुमचं?

बायको जाऊन सव्वा वर्ष झालेलं. तिची एक डबी कपाटात सापडली, पासवर्डवाली. मुलांच्या जन्मतारखा झाल्या, गाडीचा नंबर झाला, देवांची नावं झाली. उघडली नाही. साहेब ती पिशवीत घालून बरोबर घेऊनच फिरत होते.

"ती तुम्हाला काय हाक मारायची?" मी विचारलं.

"नावानं नाही मारायची. आमच्या वेळी कुठं." साहेब लाजले. "अहो म्हणायची."

"नुसतं अहो?"

"अहो, ऐकलंत का."

संदीपनं इंग्रजी अक्षरांत तेच मारलं, सगळं जोडून. डबी उघडली.

आत एकच व्हिडिओ. स्वयंपाकघरात एक बाई, पाठीमागं गॅसवर काहीतरी शिजतंय. बाईनं कॅमेऱ्याकडं बघितलं, चष्मा वर केला आणि म्हणाली, "सव्वा वर्ष लागलं तुम्हाला?"

एवढंच. मग तिनं गॅस बारीक केला आणि व्हिडिओ संपला.

संदीपनं तारीख बघितली. ती असतानाचीच होती. साहेबांनी डबी पिशवीत घातली, मला नमस्कार केला, आणि नवी डबी घ्यायला विसरून गेले.

*

दुसऱ्यांचं सांगून झालं, आता आमचं.

किशोरचा आवाज ज्या जुन्या डबीत होता, ती एक दिवस टिकटिक करायला लागली. त्यानं घेतलेली सगळी लग्नं तिच्यात. संदीपनं कान लावला आणि बसला. म्हणाला, "आये, ही चालली."

जन्मभर दुसऱ्यांना डब्या निवडून देणारा माणूस, घरच्या डबीला त्याला निवडता येईना. तीन ब्रँडच्या समोर मांडल्या आणि दोन दिवस नुसता बघत बसला. वनिता म्हणाली, "जिची वॉरंटी जास्त ती घ्या ना."

मी विचारलं, "वॉरंटी म्हनजे काय रं?"

"पाच वर्षांत डबी गेली तर कंपनी नवीन देते."

"आनि आतला?"

"आतला नाय देत."

"म्हनजे मानूस गेला तर कपडे परत देनार."

शेवटी मीच निवडली. एवढी वर्षं स्टुलावर बसून जे ऐकलं ते सगळं लावलं. पोटात काही न हलणारी. बूच असलेली. वायर खोचली की घट्ट बसणारी, कारण निम्म्या डब्या वायर हलल्यानं जातात. चकचकीत नको, हातातून निसटते. आणि एक नाही, दोन. एक आपल्याकडं, दुसरी दुसऱ्याच्या घरात, म्हणजे आग लागली, पाणी शिरलं तरी एक राहील. प्राजूचं लग्न ठरलेलं. दुसरी तिच्यासोबत सासरी द्यायची असं ठरलं.

भर दुपारी जुनीतून नवीत उतरवायला घेतलं. चार तास. जुनीची टिकटिक सगळ्या दुकानात ऐकू येत होती. शेवटचं लग्न उतरायला लागलं तशी टिकटिक थांबली. आम्हाला वाटलं गेली. पण पडद्यावरची पट्टी पुढं सरकत होती. श्वास धरून असावं तशी ती डबी गप्प राहिली. पट्टी भरली, आणि तिचा दिवा विझला. परत लावली तर पेटलाच नाही.

"सगला आलाय?" मी विचारलं.

"सगला आलाय," संदीप म्हणाला. मग तो बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिला.

*

आमच्यात लग्नात धवला गातात. भटजी मागून, आधी ही गाणी म्हणणारी धवलारीण. तशी गावात आता मी एकटीच उरले. पुस्तक नाही, वही नाही, सासूनं तोंडी दिलं ते तोंडी ठेवलंय.

हळदीच्या आधी घरातल्या सगळ्यांना नाव घेऊन बोलवायचं असतं. त्याच्या दोन ओळी. जो जिवंत आहे त्याला गायचं, "मांडवी ये." जो गेलाय त्याला गायचं, "मेघातून बघ." सासू मला बजावून सांगायची, नाव चुकीच्या ओळीत घ्यायचं नाही. जित्या माणसाला मेघात बसवलं तर त्याची पावलं घराकडं वळत नाहीत. आणि गेलेल्याला मांडवात बोलावलं तर तो येतो.

प्राजूनं आठ दिवस आधी विचारलं, "आजी, किशोरकाकाचं नाव कुठल्या ओळीत?"

वनिताची आई लग्नासाठी येऊन राहिली होती. म्हणाली, "विहीणबाय, राग नका धरू. सहा वर्षं झाली. मेघाच्या वरच्या ओळीत घ्या, त्याला बी मोकला करा. पोरीच्या मांडवात उगा काय येवाला नको."

"आणि असला तर?" वनिता म्हणाली.

"असता तर एक फोन नसता आला?"

संदीप म्हणाला, "आये, तू सांगशील तसा." असं सांगून त्यानं सगळं माझ्या गळ्यात घातलं. नाव न घेता सोडायचं म्हटलं तर तेही चालत नाही. ज्याला बोलावलं नाही तो घरचा नाही.

आठ दिवस मी जेवले नाही असं नाही, जेवले. पण काय जेवले ते आठवत नाही.

*

हळदीची सकाळ. अंगणात मांडव, वर टॉवरच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघतायत. संदीपनं कॅमेरा स्टँडवर लावला आणि मागं उभा राहिला. मी नावं घ्यायला लागले. सासू, मेघातून बघ. सासरा, मेघातून बघ. माझा नवरा, मेघातून बघ. वरची ओळ संपत आली. वनिताची आई माझ्याकडं बघत होती. मी ओळ संपवली आणि खाली उतरले. संदीप लेका, मांडवी ये. वनिता सुनबाय, मांडवी ये.

आणि गायले, किशोर लेका, मांडवी ये.

बायकांनी मागून ओळ ओढायची असते, ती ओढलीच नाही. माझा एकटीचा आवाज गेला आणि पडला. मग वनितानं सूर धरला, आणि पुढचं झालं.

हळद लागली, दुपारी जेवणं झाली. संदीपनं शूटिंग नव्या डबीत उतरवलं आणि नेहमीच्या सवयीनं तपासायला लावलं. थोड्या वेळानं बाहेर येऊन मला म्हणाला, "आये, आत ये. वनिता, तू पन."

मी ऐकलं. माझा आवाज, किशोर लेका, मांडवी ये. मग गप्प. आणि त्या गप्पमध्ये, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, हळू: "आयलो."

संदीपनं परत लावलं. "आयलो."

"तुमी बोललात?" वनितानं विचारलं.

"माझ्या पोरीची शपथ, नाय."

वनिताची आई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं डोक्यावर पदर घेतला. "मी सांगितला व्हता," एवढंच म्हणाली. मला कळलं ती काय म्हणतेय. येतो म्हणाला, पण कोण येतो? जिता की दुसरा? उद्या मांडवात काय उभं राहणार, आणि मी नातीच्या लग्नात काय बोलावून ठेवलं?

मी संदीपला म्हटलं, बंद कर. प्राजूला सांगू नका.

*

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला वऱ्हाड यायचं होतं. वनिता सुपाऱ्यांचं ताट घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभी. एक माणूस गल्लीतून आला. हाडं वर आलेली, दाढी, हातात प्लास्टिकची पिशवी. त्यानं मांडव बघितला, वनिताला विचारलं, "लगीन कुनाचा?"

"प्राजूचा," ती म्हणाली. तोवर तिनं बघितलं नव्हतं. मग बघितलं आणि ताट खाली गेलं.

सुपाऱ्या गडगडल्या तशी मी बाहेर आले. वनिताची आई माझ्या आधी पोचली होती. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलंच नाही, पायांकडं बघितलं. पाय सरळ होते. चप्पल एक त्याची, एक कुणा दुसऱ्याची. मी त्याचा हात धरला. हात गरम होता, तळवा फाटलेला. "आये," तो म्हणाला, "नंबर बदललास काय गं? किती लावला."

बोट लांबच्या बंदरात अडकली, कागदपत्रं गेली, मग एकातून दुसऱ्यात. ते त्याचं तो सांगेल तेव्हा सांगेल. त्या दिवशी कुणी विचारलं नाही. त्याला आंघोळ घातली, संदीपचा सदरा दिला. तो एवढा सैल झाला की हात बाह्यांत हरवले. अक्षता टाकताना तो माझ्या शेजारी उभा होता, आणि मी मंगलाष्टकांतला एक शब्द ऐकला नाही. त्याचा श्वास ऐकत होते.

जेवणाच्या पंगतीत किशोर बसला, वनिता वाढायला. संदीप दुकानाकडं पळाला, "थांब, तुला एक ऐकवतो," म्हणत. बराच वेळ आला नाही म्हणून मी गेले.

तो पडद्यासमोर बसला होता. माझा आवाज लागला, किशोर लेका, मांडवी ये. मग गप्प. मग वनिताचा सूर. त्यानं मागं नेलं, परत लावलं. गप्प. दुसरी डबी, प्राजूसाठी केलेली, ती लावली. तिच्यातही गप्प.

"पुसला कुनी?" मी विचारलं.

"पुसला असता तर तुझं गानं पन कापलं असतं. सगला जागच्या जागी हाय, आये. डबी चांगली हाय. नुसता तेवढा एक शब्द नाय."

त्यानं डबी काढली, बूच लावलं, आणि आम्ही मांडवात परत आलो.

किशोर तिसऱ्यांदा भात घेत होता.